वेगाला ताबा हवा : डावखुऱ्या सँडी कोफॅक्सची पहिली सहा वर्षे

रविवारच्या मिस्सानंतर गावच्या मैदानावर मुले क्रिकेट खेळू लागली की त्यांच्यात एखादा मुलगा हमखास असा असतो, की त्याच्या चेंडूचा वेग पाहून मोठी माणसेही क्षणभर थबकतात. परंतु त्याच मुलाचा पुढचा चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जातो आणि त्याच्या पुढचा थेट कुंपणाबाहेर. अशा मुलाचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला आणि प्रत्येक पालकाला कधी ना कधी पडतो. त्याला खेळू द्यावे, तर संघ हरतो. त्याला बाजूला बसवावे, तर तो शिकणार कधी?

हा प्रश्न एका मोठ्या खेळाडूच्या आयुष्यात अतिशय स्पष्टपणे उभा राहिला होता. तो खेळाडू म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचा डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स. आज त्याची गणना त्या खेळातील सर्वश्रेष्ठांमध्ये होते. मात्र त्याच्या कारकिर्दीची पहिली सहा वर्षे, म्हणजे १९५५ ते १९६०, ही यशाची नव्हती. त्या सहा वर्षांत त्याने ३६ सामने जिंकले आणि ४० गमावले. या काळात काय घडले आणि नंतर काय बदलले, हे आम्ही येथे वाचकांसमोर मांडीत आहोत.

पिचरचे काम काय?

आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही. म्हणून प्रथम थोडी ओळख करून घेऊ. क्रिकेटमधील गोलंदाजाचे जे स्थान, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे. मैदानाच्या मध्यभागी मातीचा एक उंचवटा असतो. त्यावर उभे राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. त्याला धावत येण्याची मुभा नाही आणि चेंडूचा टप्पाही पडत नाही. चेंडू हातातून सुटतो तो थेट फलंदाजापाशीच पोहोचतो.

फलंदाजासमोर जमिनीवर १७ इंच रुंदीची एक पाटी असते, तिला होम प्लेट म्हणतात. या पाटीच्या वरून, फलंदाजाच्या गुडघ्यांपासून साधारण छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू गेला आणि फलंदाजाने तो सोडून दिला, तर तो ‘स्ट्राइक’ ठरतो. मारण्याचा प्रयत्न करून चेंडू हुकला, तरीही स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. उलट, या चौकटीबाहेर गेलेला आणि फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू ‘बॉल’ ठरतो. असे चार चेंडू पडले की फलंदाजाला बॅट न फिरवताच पहिल्या बेसवर जाण्याचा हक्क मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. पिचरच्या दृष्टीने वॉक म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेले फुकटचे दान होय.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. चेंडू हातातून सुटताना दिशेत केवळ एका अंशाची चूक झाली, तर साठ फुटांवर पोहोचेपर्यंत तो सुमारे एक फूट बाजूला जातो. पाटी १७ इंच रुंद आहे, म्हणजे मध्यापासून तिची कड साडेआठ इंचांवर येते. तासाला ९० मैल वेगाने फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत हे अंतर कापतो. इतक्या वेगात एका अंशाचीही चूक होऊ न देणे, हे पिचरचे खरे कौशल्य आहे. वेग ही बहुतांशी निसर्गाची देणगी असते. ताबा मात्र शिकावा लागतो आणि तो शिकण्यासाठी सामन्यात चेंडू फेकावे लागतात.

डावखुऱ्या पिचरला बेसबॉलमध्ये विशेष मागणी असते. डावखुऱ्या फलंदाजाला त्याचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटतो आणि वळणारा चेंडू त्याच्यापासून दूर जातो. शिवाय डावखुरा पिचर उंचवट्यावर उभा राहिला की त्याचे तोंड पहिल्या बेसकडे असते. त्यामुळे तेथून पळण्याच्या तयारीत असलेल्या खेळाडूवर त्याची सहज नजर राहते. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनी हटकल्याची आठवण अनेकांना असेल. बेसबॉलमध्ये मात्र तोच हात शोधत संघांची माणसे गावोगाव फिरत असतात.

ब्रुकलिनचा मुलगा

सँडीचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. पुढे आईने अर्विंग कोफॅक्स या वकिलांशी विवाह केला आणि त्यांचेच आडनाव सँडीने आयुष्यभर लावले. शाळेत त्याची ओळख बास्केटबॉलपटू म्हणून होती. बेसबॉल तो खेळे, पण पिचर म्हणून नव्हे. त्याच्या फेकीतील जोर एका स्थानिक प्रशिक्षकाच्या लक्षात आला आणि त्याने त्याला उंचवट्यावर उभे केले. म्हणजे ज्या कामासाठी पुढे तो जगप्रसिद्ध झाला, त्या कामाचा त्याचा अनुभव अगदीच तुटपुंजा होता.

१९५३ मध्ये तो सिनसिनाटी विद्यापीठात दाखल झाला. तेथेही प्रवेशाचे निमित्त बास्केटबॉलचेच होते आणि वास्तुशास्त्र शिकण्याचा त्याचा मानस होता. १९५४ च्या वसंतात तो विद्यापीठाच्या बेसबॉल संघातून खेळला. त्या छोट्याशा हंगामात त्याने ५१ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले आणि ३० जणांना वॉक दिले. त्याची पुढची कित्येक वर्षे या दोन आकड्यांत आधीच सामावलेली दिसतात.

व्यावसायिक संघांनी त्याची चाचणी घेतली. पिट्सबर्गच्या मैदानावरील चाचणीत त्याच्या चेंडूने झेल घेणाऱ्या प्रशिक्षकाचा अंगठा मोडला. ब्रुकलिन डॉजर्स संघासाठी खेळाडू हेरणारे अल कॅम्पॅनिस यांनी एबेट्स फील्ड मैदानावर त्याची फेक पाहिली. ते पुढे सांगत, की आयुष्यात दोनदाच त्यांच्या हातावर रोमांच उभे राहिले. एकदा रोममध्ये सिस्टाईन चॅपेलचे छत प्रथम पाहिले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा सँडी कोफॅक्सचा वेगवान चेंडू पाहिला तेव्हा. मायकेलअँजेलोने चितारलेल्या त्या छताखाली उभे राहण्याचे भाग्य ज्यांना लाभले आहे, त्यांना या तुलनेचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये करार झाला. स्वाक्षरीच्या वेळी १४,००० डॉलर आणि वर्षाचे वेतन ६,००० डॉलर. खेळात जम बसला नाही, तर या रकमेतून शिक्षण पूर्ण करावे, असा घरचा विचार होता.

चांगल्या हेतूचा नियम आणि त्याचे फळ

याच रकमेमुळे सँडीचा मार्ग अवघड झाला. त्या काळी अमेरिकन बेसबॉलमध्ये असा नियम होता, की नव्या खेळाडूला ४,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम दिली, तर त्याला पहिली दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. श्रीमंत संघांनी पैशाच्या जोरावर होतकरू मुले गोळा करून दुय्यम संघांत डांबून ठेवू नयेत, हा नियमाचा हेतू होता. हेतू चांगला होता, यात शंका नाही.

परंतु परिणाम काय झाला? आपल्याकडे क्रिकेटपटू जिल्हा, राज्य आणि मग देश अशा पायऱ्या चढत वर जातो. बेसबॉलमध्येही दुय्यम साखळी स्पर्धांची अशीच शिडी आहे. तेथे तरुण पिचर रोज खेळतो, चुकतो, मार खातो आणि शिकतो. सँडीला ही शिडी चढण्याची परवानगीच नव्हती. एकोणीस वर्षांचा, जेमतेम अनुभव असलेला हा मुलगा थेट अमेरिकेतील एका बलाढ्य संघात जाऊन बसला. अक्षरशः बसला, कारण विजेतेपदासाठी झगडणाऱ्या संघाला त्याच्यावर सामना सोपवणे परवडत नव्हते.

त्याला जागा करून देण्यासाठी संघातील एका खेळाडूला खालच्या संघात जावे लागले. तो खेळाडू म्हणजे टॉमी लासोर्डा, इटालियन वंशाचा कॅथलिक आणि तोही डावखुरा पिचर. आपली जागा घ्यायला जगातला सर्वोत्तम डावखुरा यावा लागला, असे लासोर्डा पुढे गमतीने सांगत. त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकरच संपली, पण पुढे वीस वर्षे त्यांनी याच डॉजर्सचे व्यवस्थापक म्हणून काम केले आणि १९८१ व १९८८ मध्ये संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

सँडीचा पहिला सामना २४ जून १९५५ रोजी मिलवॉकीविरुद्ध झाला. पहिल्या फलंदाजाने चेंडू कसाबसा टोलवून बेस गाठला. दुसऱ्याने हलकेच अडवलेला चेंडू सँडीने उचलला आणि घाईत भलतीकडेच फेकला. तिसरा फलंदाज होता हँक ॲरन, त्याला वॉक मिळाला. तिन्ही बेस भरले. पुढच्या फलंदाजाला मात्र सँडीने तीन स्ट्राइकवर बाद केले आणि तो डाव एकही धाव न देता निभावला. एका डावातच भीती, चूक आणि सामर्थ्य या तिन्ही गोष्टींचे दर्शन घडले.

जुलैमध्ये त्याला सुरुवातीपासून चेंडू फेकण्याची पहिली संधी मिळाली. पाच डाव पूर्ण होण्याआधीच त्याने आठ वॉक दिले. त्यानंतर पुन्हा तशी संधी मिळण्यास जवळजवळ दोन महिने लागले. २७ ऑगस्ट रोजी ती मिळाली तेव्हा त्याने सिनसिनाटीच्या १४ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले, संपूर्ण सामन्यात केवळ दोन फटके दिले आणि एकही धाव होऊ दिली नाही. त्या वर्षी त्याने दोनच सामने जिंकले आणि दोन्ही सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना धावेचे खाते उघडता आले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉजर्सने अजिंक्यपद पटकावले. ब्रुकलिनला ते प्रथमच मिळाले होते. या अंतिम मालिकेत सँडीने एकही चेंडू फेकला नाही. शेवटचा सामना संपल्यावर शहरभर जल्लोष सुरू असताना तो कोलंबिया विद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या वर्गाला निघून गेला.

बाकावरची वर्षे

१९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत मिळून त्याला जेमतेम शंभर डाव चेंडू फेकता आले. नियमित खेळणारा पिचर तेवढे डाव अर्ध्या हंगामात सहज पूर्ण करतो. संघातील ज्येष्ठ खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांना हे मान्य नव्हते. १९४७ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी आधुनिक बेसबॉलची दारे उघडणारे ते हेच रॉबिन्सन. बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते. सँडीला अधिक संधी द्यावी, यासाठी त्यांनी व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांच्याशी वादही घातला.

संधी अनियमित असली की खेळाडूच्या मनावर काय परिणाम होतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. आज जमले नाही, तर पुन्हा केव्हा चेंडू हाती येईल हे ठाऊक नाही, अशी धास्ती असली की तरुण खेळाडू प्रत्येक चेंडूत सारा जीव ओततो. खांदा ताठरतो, चेंडूवरील बोटांची पकड घट्ट होते, हातातून चेंडू सुटण्याचा क्षण पुढेमागे होतो. वर सांगितलेली एका अंशाची चूक घडायला एवढे पुरेसे असते. चेंडू चौकटीबाहेर गेला की तो आणखी जोर लावतो आणि आणखी चुकतो. चुका होतात म्हणून संधी मिळत नाही, आणि संधी मिळत नाही म्हणून चुका सुधारत नाहीत. सँडी या चक्रात सहा वर्षे फिरत राहिला.

१९५८ मध्ये डॉजर्सने ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिस गाठले. त्या वर्षी त्याचे ११ विजय आणि ११ पराभव झाले आणि त्याने १०५ वॉक दिले. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी त्याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एका सामन्यात १८ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद करून बॉब फेलर यांच्या १९३८ मधील विक्रमाशी बरोबरी केली. त्याच ऑक्टोबरमध्ये अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात, ९२,७०६ प्रेक्षकांसमोर, त्याने सात डावांत एकच धाव दिली. पण त्याच्या संघाला एकही धाव काढता आली नाही आणि सामना हरला. पुन्हा आशा, पुन्हा निराशा.

१९६० मध्ये त्याचे ८ विजय आणि १३ पराभव झाले. आपल्याला खेळवत नाहीत, ही त्याची तक्रार होती. तू फलंदाजांना बाद करू शकत नाहीस तर खेळवायचे कसे, हा संघचालकांचा प्रश्न होता. बाकावर बसून कोणी कोणाला बाद करू शकतो काय, हे सँडीचे उत्तर होते. आम्हाला वाटते, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते आणि म्हणूनच हा पेच कठीण होता.

त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी सँडीने आपले बूट आणि हातमोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला. वय अवघे चोवीस. खेळ सोडून दुसरा व्यवसाय करावा, असे त्याच्या मनाने घेतले होते. संघाच्या सामानाची व्यवस्था पाहणारे नोब कावानो यांनी त्या वस्तू डब्यातून काढल्या आणि जपून ठेवल्या. न जाणो, पोर परत आले तर!

एका झेल घेणाऱ्याचा सल्ला

सँडी परत आला. आणखी एक वर्ष, आणि या वेळी पूर्ण तयारीनिशी, असे त्याने ठरवले. हिवाळ्यात त्याने शरीर कमावले. मार्च १९६१ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो येथे डॉजर्सच्या दुय्यम चमूचा एक सराव सामना होता. सोबतचा दुसरा पिचर विमान चुकल्यामुळे येऊ शकला नाही, म्हणून सँडीलाच बराच वेळ चेंडू फेकावा लागणार होता. पहिल्याच डावात त्याने लागोपाठ वॉक देऊन तिन्ही बेस भरले. जोर वाढत होता, ताबा सुटत होता.

तेव्हा झेल घेणारा खेळाडू, म्हणजे कॅचर नॉर्म शेरी, त्याच्याकडे चालत गेला. त्याने सुचवले, की जोर थोडा कमी कर, फलंदाजांना चेंडू मारू दे, नाहीतर आपण दिवसभर येथेच उभे राहू. सँडीने ऐकले. त्यानंतरचे फलंदाज त्याने झटपट बाद केले आणि त्या दिवशीच्या सात डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मारता आला नाही. चेंडूचा वेग जवळपास पूर्वीसारखाच राहिला होता. शरीरातील ताठरपणा गेल्यामुळे हात मोकळेपणाने फिरत होता, एवढाच फरक.

ही गोष्ट नेहमी चमत्कारासारखी सांगितली जाते. आमच्या मते ते पूर्ण सत्य नाही. फेकीपूर्वी सँडी मागे इतका झुकतो, की त्याला लक्ष्यच दिसत नाही, ही उणीव संघाचे केनी मायर्स यांनी दाखवून दिली आणि ती सुधारण्यात आली. संघाचे आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ यांनी नोंदींच्या आधारे त्याला समजावले, की पहिलाच चेंडू स्ट्राइक पडणे किती मोलाचे असते. आणि मुख्य म्हणजे त्या वर्षी त्याला नियमितपणे खेळवण्यात आले. शेरीचा सल्ला रुजला, कारण जमीन तयार होती.

फळ आकड्यांतच दिसते. १९६० मध्ये १७५ डावांत १०० वॉक होते. १९६१ मध्ये सुमारे २५६ डावांत ९६. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले आणि २६९ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद करून क्रिस्टी मॅथ्यूसन यांचा १९०३ पासूनचा नॅशनल लीगमधील २६७ चा विक्रम मोडला.

पुढे काय झाले

१९६२ ते १९६६ या पाच वर्षांत त्याने १११ सामने जिंकले आणि केवळ ३४ गमावले. प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मारू न देता त्याने चार सामने जिंकले. त्यांपैकी ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्यात तर एकही प्रतिस्पर्धी खेळाडू बेसपर्यंत पोहोचू शकला नाही. त्याच वर्षी अंतिम मालिकेचा पहिला सामना ज्यू धर्मीयांच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी, योम किप्पुरला आला. सँडीने त्या दिवशी खेळण्यास नकार दिला. कोणत्याही श्रद्धावंताला त्याबद्दल आदर वाटावा, असेच ते वर्तन होते.

परंतु डाव्या कोपराला संधिवाताने ग्रासले होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये, तिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना त्याला निवृत्ती घ्यावी लागली. १९७२ मध्ये, ३६ व्या वर्षी, बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. इतक्या लहान वयात तो मान त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता.

वाचकहो, त्याची कारकीर्द एकूण बारा वर्षांची. त्यांपैकी सहा, म्हणजे नेमकी अर्धी, शिकण्याची संधी शोधण्यात गेली. कोपर पुढे इतक्या लवकर साथ सोडणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्या गेलेल्या वर्षांची हळहळ अधिक वाटते.

आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांच्या मैदानांवर अशी वेगवान पण बेताल मुले आहेत. कोणी खेळात, कोणी गाण्यात, कोणी वक्तृत्वात. त्यांच्यावर मोठी अपेक्षा ठेवून त्यांना बाकावर बसवणे सोपे असते. त्याहून कठीण, पण आवश्यक गोष्ट म्हणजे त्यांना लहान मैदानावर, कमी जोखमीच्या सामन्यात पुन्हा पुन्हा चुकू देणे, आणि योग्य क्षणी शेरीप्रमाणे चार पावले चालत जाऊन ‘थोडा जोर कमी कर’ असे सांगणे. आणि एखाद्या दिवशी त्याने रागाने आपला हातमोजा फेकून दिलाच, तर तो उचलून जपून ठेवणारा एखादा कावानोही आपल्यात असावा.